गुंगी उतरेपर्यंत

"झोपेतच गेले, भाग्यवान माणूस!" असं म्हणत आता कुणी दारात आलं, तर मी चहासुद्धा विचारणार नाही. माझे यजमान भूल देणारे डॉक्टर होते आणि झोपेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शिरेतून गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि श्वासावर डोळा ठेवून बसायचं, यात त्यांचा जन्म गेला. अन् गेल्या महिन्यात दुपारी जेवून स्वतः आडवे झाले, ते उठलेच नाहीत… याला भाग्य म्हणायचं?

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा आम्ही नांदेड सोडून तिथे गेलो. दुष्काळ होता, टँकर आला की मी हंडे घेऊन धावायची. तशातही एका सर्जननं नवं हॉस्पिटल काढलं. पहिल्या ऑपरेशनला मुहूर्त, मंडप, पाहुणे, सगळा थाट. देवणीच्या एका सुनेची काखेतली गाठ काढायची होती. यांनी बजावल्याप्रमाणे बाई रात्रीपासून उपाशी. सुई टोचण्याआधी यांनी पुन्हा विचारलं, तर सासू म्हणाली, "न्हाई हो साब, कायबी खाल्लं न्हाई. निघताना हातावर दहीसाखर तेवढी ठेवली. चांगल्या कामाला तसंच कसं धाडावं?"

यांनी सिरिंज खाली ठेवली. गुंगीत उलटी झाली तर श्वासनळीत जाईल, म्हणाले, दुपारपर्यंत थांबा. सर्जन हात जोडत होते, "अहो, चमचाभर दही! मुहूर्त टळतोय."

"टळू द्या."

मी बाहेर पाहुण्यांत बसले होते. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मुहूर्त टळला तो टळलाच, आणि त्या हॉस्पिटलचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. इतर डॉक्टरही टाळू लागले. शेवटी बोचकी बांधून नांदेडला परत. चमचाभर दह्यानं खरंच काही झालं असतं का, हे मी यांना जन्मभर विचारलं. "तिची लेकरं मोठी झाली असतील आता," एवढंच म्हणायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या दिवशी दुपारी ऑपरेशन झाल्यावर त्या बाईपाशी ते दिवेलागणीपर्यंत बसले होते. पेशंटला जाग आली की खांदा हलवून नाव विचारायचे, गाव विचारायचे; नीट सांगितलं की म्हणायचे, "हं, जा आता घरी." घरीही हाच छळ. दुपारी माझा जरा डोळा लागून उघडला की "नाव? गाव?" मी करवादायची, "बायको आहे तुमची!" पण सांगितल्याशिवाय सुटका नसे.

परवा दुपारी जाग आली. खांद्यावर हात नव्हता. मी भिंतीला नाव सांगितलं, गाव सांगितलं… आणि "जा आता घरी" म्हणायला कुणी नाही, म्हणून तशीच पडून राहिले.