सरकवलेली अंडी

संशय घेणं ही आमच्या घराची जुनी रीत. आई रोज दुधात बोट बुडवून बघायची, आणि वडील एस.टी.च्या तिकिटाला पाडलेलं भोकसुद्धा उजेडाला धरून तपासायचे. त्या घरात वाढलेल्या माणसाला एका उन्हाळ्यात लोकांना पक्षी दाखवायचं आणि मासे धरायला शिकवायचं काम मिळालं, तर काय होणार? जे व्हायचं तेच झालं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. सरकारी खात्यांना नवनव्या योजना सुचत होत्या. बुलडाण्याचा घाट उतरून रोहिणखेडच्या बाजूला एक जुना तलाव होता आणि त्याच्या भिंतीच्या टोकाशी, काठावर, खात्यानं बाग केली होती. दर रविवारी तिथं लोकांनी यावं, सकाळी पक्षी बघावेत, संध्याकाळी गळानं मासे धरायला शिकावं, अशी खात्याच्या साहेबांची कल्पना. त्यासाठी प्राणिशास्त्राचा एक विद्यार्थी दोन महिने उमेदवार म्हणून हवा होता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मला एक दुर्बीण, बारा बांबूचे गळ आणि एक नोंदवही मिळाली. राहायला बागेतली खोली होती.

लोक आले, पण ते पक्षी बघायला नव्हे, मला बघायला. सरकार पगार देऊन बगळे दाखवतं यावर कोणाचा विश्वास बसेना. एकानं दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी ती उलटी करून आत काय आहे ते पाहिलं. दुसऱ्यानं गळ पाण्यात टाकला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, की मासा लागलाच तर दंड किती पडतो. फुकटात मासे धरायला शिकवतात म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे, हे सगळ्यांचं एकमत होतं. माझंही त्यांच्याबद्दल फारसं बरं मत नव्हतं. शिंगी आणि मरळ पाण्यात परत सोडायची असा नियम होता, आणि घरी निघालेल्या प्रत्येकाच्या पिशवीकडे मी टक लावून बघत असे.

सगळ्यांत जास्त संशय मला एका बाईचा होता. उन्हाळ्यात तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात खरबूज, टरबूज, काकड्या लावतात. त्याला आमच्याकडे डांगरवाडी म्हणतात. ही बाई पन्नाशीची, एकटी डांगरवाडी करायची. झोपडी बांधून तिथंच राहायची आणि सकाळी टोपली डोक्यावर घेऊन गावात विकायला जायची. तिला सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. मी दुर्बीण तिच्या दिशेला वळवली की ती हातातलं काम टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. खातं तलावाची भिंत वाढवणार, गाळ पाण्याखाली घालणार आणि हा मास्तर त्याचीच मोजणी करतो आहे, असं तिनं गावात सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. वर्षभराचं तिचं पोट त्या वाडीवर होतं, तेव्हा तिनं असं म्हणणं साहजिक होतं. पण हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त राग आला.

मेच्या सुरुवातीला मला गाळात टिटवीचं घरटं सापडलं. घरटं म्हणजे काय, खडे सारून केलेला खळगा आणि त्यात चार ठिपकेदार अंडी. मी मोठ्या कौतुकानं वहीत नोंद केली. तिसऱ्या दिवशी अंडी नाहीशी. तिथून तिची झोपडी पन्नास पावलांवर. मला पुराव्याची गरज वाटली नाही. अंडी तिनंच खाल्ली, असं मी ठरवून टाकलं.

चार-पाच दिवसांनी दुसरं घरटं दिसलं, तेही वाडीच्या बाजूलाच. ते काही मी तिच्या हाती लागू देणार नव्हतो. अंडी रोज थोडी थोडी सरकवली तर पक्षी मागोमाग येतो, असं आमचे प्राध्यापक सांगायचे. मावशी सकाळी गावात गेली की मी जायचो, तीन-चार हात वर नवा खळगा करायचो, खडे मांडायचो आणि अंडी त्यात ठेवायचो. टिटव्या डोक्यावर कलकलाट करायच्या, मी दूर झालो की पुन्हा येऊन बसायच्या. बारा-तेरा दिवसांत घरटं गाळातून निघून भिंतीच्या पायथ्याच्या उंचवट्यावर आलं. माझ्या खोलीच्या दारातून सरळ दिसत होतं. साहेब येऊन बघून गेले आणि खूश झाले. बागेच्या इतक्या जवळ टिटवीनं घर केलं, असं मी वहीत लिहिलं. सरकवल्याचं लिहिलं नाही. अंड्यांना हात लावायचा नाही, हा नियम लोकांना मीच सांगत होतो.

आमच्या भागात टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. खाली, पाण्याच्या काठाशी घातली तर पाऊस लांबतो. उंचावर घातली तर लवकर येतो आणि जोराचा येतो. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण विज्ञानाचा विद्यार्थी झाल्यापासून मी ते अडाण्यांचं म्हणून सोडून दिलं होतं.

पुढच्या रविवारी मी लोकांना ते घरटं लांबून दाखवत होतो, तर मागे मावशी येऊन उभी राहिलेली. ती कार्यक्रमाला कधीच आली नव्हती. तिनं दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ पाहिलं. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मास्तर, तुमी रोज अठीच असता. हे अंडे टिटवीनं अठीच घातले काय? का खालून कोनी वर आनले?"

दोनच दिवसांपूर्वी ती गावातल्या दोघांना घेऊन साहेबांच्या कचेरीत गेली होती, गाळाच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचं विचारायला. आता माझ्या तोंडून काहीतरी वदवून घेऊन ती तिथं तक्रार करणार, हा सरळ सापळा आहे, असं माझ्या मनानं घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कॉलेजात गेल्यापासून मी पुस्तकी भाषा बोलायचो. पण त्या वेळी खरं वाटावं म्हणून मुद्दाम तिच्यासारखं बोललो.

"तिनंच घातले, मावशी. अठीच."

ती बरं म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिनं वाडी तोडायला घेतली. मी दारातून बघत होतो. तलावात वरून पाणी आलं की वाडी एका रात्रीत बुडते, आणि वेलांवर शेवटचा मोठा बहार होता. दोन दिवसांत तिनं सगळी फळं काढली. हिरवी, कडक, वास न आलेली. बाजारात ती कोणी घेईना. उरलेली तिनं गावातल्या गुरांपुढे टाकली. मी कोणाला काही बोललो नाही. उगाच आपण लक्ष कशाला घाला, असं स्वतःला सांगत राहिलो.

आभाळ पांढरंफटक राहिलं. मृग कोरडा गेला. ती फळं आणखी दोन आठवडे वेलावर राहिली असती तर साखरेसारखी झाली असती, हे कळायला प्राणिशास्त्र लागत नाही.

मोकळ्या पडलेल्या वाडीत मी एकदा गेलो. सुकलेल्या वेलांच्या मधोमध एक गोल जागा तिनं न लावता सोडली होती आणि भोवती बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. आत टिटवीचा तसाच खड्यांचा खळगा होता आणि त्यात पिल्लं निघून गेलेली कवचं. टिटवीला इतकं जपणारी बाई तिची अंडी खाणार नव्हती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काम संपायच्या दिवशी मी झोपडीवर गेलो. ती झोपडीच्या भिंतींचे तट्टे सोडवून त्यांची गुंडाळी करत होती. मी सगळं सांगितलं. पहिल्या अंड्यांचा तिच्यावर घेतलेला आळ, रोजचं सरकवणं, आणि तिला तोंडावर खोटं बोललो तेही. शिव्या खायची माझी तयारी होती. खरं तर त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिनं हातातला तट्टा खाली ठेवला.

"मले शंका आलीच होती, मास्तर. या तलावात टिटवी एवढ्या वर कधी बसतच नाई. म्हनून तर तुमाले इचारलं. तुमी हाव म्हनलं, मंग मी माह्या मनातली शंका काढून टाकली."