परबकाकांची वाळकी फांदी

परबकाकांकडे चित्र बघायला गेलं की ते आधी हातात भिंग द्यायचे, मग चित्र. आणि भिंग धरून उभं राहायचं ते किती वेळ? मान मोडेपर्यंत! "झालं बघून" म्हटलं की म्हणायचे, "खय झाला? परत बघ गो."

मालाडच्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. मूळचे मालवणचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. खिडकीला लागून जांभळाचं झाड, आणि काका वर्षानुवर्षं तेवढंच काढत बसले. तेही आख्खं कधी नाही. आज एक ढोली, महिन्याने एक गाठ. खोड, फांद्या सगळं काळ्या शाईत. जलरंग कुठेतरी चिमूटभर. का, म्हणून विचारलं तर, "जिता आसा थयच रंग लावचो." जिवंत असेल तिथेच रंग. संपलं!

गेल्या वर्षी झाडावर पालिकेची नोटीस लागली. झाड वाळलंय, तोडणार, हरकत असेल तर सात दिवसांत कळवा. त्या झाडाखाली माझी पोरं वाढली. मला काही ते तोडू द्यायचं नव्हतं. पण खालून काढलेल्या फोटोत नुसता खराटा दिसत होता. काकांना म्हटलं, "पूर्वीचं हिरवंगार झाड काढून द्या, आख्खं. अर्जाला जोडते." रोज तीन जिने चढून मी विचारायचे. रोज तेच उत्तर, "घाई कित्याक करतंस?" डोकं फिरायची वेळ आली होती.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी कागद दिला. एकच वाळकी फांदी! टोकाला तपकिरी ठिपका. मी भडकलेच. "काका, हे तर त्यांच्याच बाजूचं झालं. आणि वर चहाचा डाग!"

"डाग?" त्यांनी भिंग पुढे केलं. "बघ."

"वेळ नाहीये हो!" कागद फाइलमध्ये कोंबला आणि अर्ज चित्राशिवायच देऊन आले.

झाड तोडलं. दिवाळीआधी काका गेले. त्यांच्या मुलीने भिंग आणून दिलं, "बाबांनी तुमच्यासाठी ठेवलं होतं."

तेव्हा कुठे ती फाइल उघडली. चहाचा डाग कसला, पालवी होती! तीन कोवळी, तांबूस पानं, शिरांसकट. खाली पेन्सिलीने त्याच सकाळची तारीख.

अजून चीड येते मला काकांची. फांदी फुटलीय, एवढं तोंडाने सांगायला काय झालं होतं?

सांगितलं होतं म्हणा. "बघ" म्हणाले होते.