वस्तीतल्या बागेचा झोका

झोक्याच्या खांबावर मी हातोडी मारली आणि तिचं टोक आत गेलं. वर चकचकीत हिरवा रंग होता. आत लोखंड उरलंच नव्हतं.

"म्या दोन वर्सं सांगतोय, मॅडम," बागेचे रखवालदार गणपततात्या म्हणाले. "झोका उंच गेला की ह्यो खांब डुलतो. पर ऐकतंय कोण?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामती-इंदापूर भागातल्या एका नगरपालिकेत मी ज्युनिअर इंजिनिअर होते. गावातल्या पाच बागांमधली खेळणी जुनी झाली होती. ती टप्प्याटप्प्याने बदलायचा प्लॅन मला करायचा होता. झोक्याचा खांब काँक्रीटमध्ये पुरलेला असतो. जमिनीलगत त्याच्याभोवती पाणी साठतं आणि लोखंड तिथंच आधी कुजतं. दरवर्षी रंग दिला की वरून काही कळत नाही. म्हणून मी पाचही बागांतला प्रत्येक खांब बुडाशी ठोकून पाहिला. सगळ्यात वाईट अवस्था याच बागेची होती, गावाच्या टोकाच्या वस्तीतली.

मुख्याधिकारी साहेबांना मी तसं सांगितलं.

"पहिली बाग एसटी स्टँडजवळची," ते म्हणाले. "येणारे-जाणारे तीच बघतात."

"साहेब, तिथली खेळणी अजून तीन-चार वर्षं टिकतील. वस्तीतला झोका आजही पडू शकतो."

"मग काढून टाका. पण नवीन खेळणी स्टँडजवळच. फायनल."

झोका मी त्याच दुपारी काढायला लावला. तेवढं माझ्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या आठ-दहा बायका ऑफिसात आल्या. पुढं शांताबाई होत्या. त्यांची मुलगी शाळा सुटली की रोज त्या झोक्यावर असायची.

"आमच्याच पोरांचा झोका दिसला व्हय तुमाला?"

खांब कुजलाय, पोरांच्या अंगावर आला असता, असं मी सांगितलं.

"कुजला आसंल. आमचा नळबी दुरुस्तीला म्हणूनच काढला हुता. अजून आला न्हाय. झोका परत कधी बसणार, तेवढं सांगा."

 त्या गेल्यावर मी बागांची फाइल उघडली. धोका मी हटवला होता खरा. पण खेळणं परत देण्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. तेव्हाच ठरवलं, आता मागं हटायचं नाही.

त्या आठवड्यात बागांची कामं ठरवणाऱ्या नगरपालिकेच्या समितीची मीटिंग होती. खांबाच्या बुडाचा वीतभर तुकडा कापून मी सोबत नेला आणि समितीचे अध्यक्ष आबा यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"आबा, जरा दाबून बघा."

त्यांनी अंगठा टेकवला. तुकड्याची कड चुरली आणि टेबलभर गंज सांडला.

"ह्याच्यावर पोरं खेळत हुती?"

"गेल्या सोमवारपर्यंत."

साहेब मध्येच म्हणाले, "पण स्टँडजवळची बाग आपण ठरवली आहे."

"तसाच ठराव करायचा असेल तर वस्तीतल्या पोरांना यंदा झोका नाही, हेही त्यात लिहा," मी म्हणाले. "आणि त्याखाली माझी हरकत लिहा."  

आबांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "स्टँडची बाग थांबंल. आधी वस्तीचं बघा."

नवा सांगाडा माळेगावच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर उचलला आणि त्याला चोहीकडून उतार दिला, म्हणजे पाणी थांबणार नाही. शांताबाईंना मी तारीख दिली होती. ती बारा दिवसांनी चुकली, कारण साखळ्याच वेळेवर आल्या नाहीत. ते सांगायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले.

"सांगाय तरी आलासा," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवला.

झोका बसला. पहिल्या दिवशी एवढी गर्दी झाली की तात्यांना रांग लावावी लागली. स्टँडजवळच्या बागेचा नंबर पुढच्या वर्षी लागला. साहेब काही महिने माझ्याशी फक्त फाइलवरच्या शेऱ्यांतून बोलत होते.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एक नियम पाळला. पडायला आलेली वस्तू लगेच काढायची, पण त्याच दिवशी नव्या वस्तूचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. आणि सही होईपर्यंत समोरची खुर्ची सोडायची नाही.