मागच्या सीटवरची बाई

"आई, गाडीच्या मालकाशिवाय मी दंडाचा फोटो दाखवत नसते."

"अगं, सासू आहे मी तुझी."

"ती घरी. इथं बाकावर बसा, तुमच्या आधी दोघं आहेत."

सासूबाई बसल्या, पण तापल्या तव्यावर बसल्यासारख्या. मुठीत सासऱ्यांचा मोबाइल. सकाळी सासरे आंघोळीला गेले असताना त्यावर दंडाचा मेसेज आला होता: स्कूटरवर मागे बसलेल्या व्यक्तीला हेल्मेट नाही. हेल्मेटचं सासूबाईंना काही नव्हतं. मागे बसलेली व्यक्ती कोण? सासूबाईंनी नवऱ्याचे कपडे पिशवीत कोंबले, पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि तडक सुनेचं दुकान गाठून हे सगळं तिच्या कानात ओतलं.

दुकान कसलं, एक टेबल आणि एक कॉम्प्युटर. गाडीवरचे दंड बघून द्यायचे, पावती काढायची. बाकावर बसलेल्यांना स्वतःच्या दंडापेक्षा शेजाऱ्याच्या दंडात गोडी जास्त, म्हणून सुनेनं स्क्रीनसमोर पुठ्ठा टांगला होता. सोयरीक ठरवण्याआधी होणाऱ्या जावयाची गाडी तपासायला आलेला मुलीचा बापही तिनं चहा पाजून वाटेला लावला होता. लोक तिला पुठ्ठेवाली म्हणत. ती ओ द्यायची.

दोघांचं आटोपलं. सुनेनं स्कूटरचा नंबर घातला, पुठ्ठ्याआड वाकून पाहिलं आणि थबकली.

"आई, गाडी तुमच्याच नावावर आहे."

"ह्यांनी कसलीशी सही घेतली होती खरी."

"मग या इकडं. तुम्हाला बघायचा हक्क आहे."

मोबाइलवर आलेला ओटीपी घालताच फोटो उघडला. पुढं सासरे, डोक्यावर हेल्मेट. मागं एक बाई, तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेलं, डोळे मिटून त्यांच्या पाठीवर डोकं टेकलेली.

"बघ, कशी चिकटलीय बया."

बाकावरच्या माना एकदम लांबल्या. सुनेनं पुठ्ठा खाली ओढला. स्कार्फ तिचाच होता. कोपऱ्यावर इस्त्रीनं जळालेला डाग. तो कोणाला दिला होता हेही तिला पक्कं आठवत होतं. मोठ्यानं बोलावं तर सासूबाईंचा चारचौघांत तमाशा, गप्प बसावं तर सासरे पिशवीसकट रस्त्यावर. तिनं मुकाट्यानं तारखेवर बोट ठेवलं.

सासूबाईंनी तारीख वाचली. "म्हणजे मी दाढ काढायला गेले, त्याच दिवशी?"

"कशावर गेला होतात?" सुनेनं हळूच विचारलं.

सासूबाईंचा हात आपोआप गालावर गेला.

"गाल बराच सुजला होता गं, म्हणून तुझा स्कार्फ गुंडाळला," त्या पुटपुटल्या. "तो पुठ्ठा आणखी खाली घे."

"काय निघालं, मावशी?" बाकावरून कोणीतरी विचारलं.

"ज्याचं त्यालाच दाखवतात इथं," सासूबाईंनी ठणकावलं आणि पदर सावरून, उंबऱ्यावरची पिशवी आत घ्यायला घराकडे जवळजवळ पळत सुटल्या. सासरे आंघोळ लांबवणारे होते, पण इतकी नाही.

सुनेनं पुठ्ठा सरळ केला. "हं, पुढचं कोण? गाडीचा नंबर सांगा. आणि तुम्ही, मान आत घ्या."