गळ्यातली पाटी

"माले भूक लागनी," माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला.

अमेरिकेतल्या चँडलरची रविवारची मराठी शाळा. वर्ग घेणाऱ्या मावशी मूळच्या पुण्याच्या. त्यांनी खुंटीवरची पाटी काढली आणि मुलीच्या गळ्यात घातली. पाटीवर लाल अक्षरांत 'अशुद्ध'. नियम असा, की दुसरं कुणी अशुद्ध बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात घालायची. तोवर ती आपल्याच गळ्यात. घरीसुद्धा.

"घरी काय बोलता हो तुम्ही?" मावशींनी मला सगळ्या पालकांसमोर विचारलं. "जीभ आत्ताच वळवा तिची. नाहीतर गावठीच राहायची."

मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. गेली वीस वर्षं मी हेच करत आलोय. धुळ्याकडचा माणूस, घरात अहिराणी, पण कुणी आलेलं असताना फोनवर आईशी बोलायचं तर बाल्कनीत जाऊन. आणि खरं सांगायचं तर ती पाटी मीच केली होती. ऑफिसात लॅमिनेट करून, दोरी ओवून, कडा गोल कापून. मुलांना टोचू नये म्हणून! केवढा कनवाळू बाप.

घरी आलो तेव्हा शेजारचा यान झाडांना पाणी घालत होता. ऐंशीकडे झुकलेला, निवृत्त इंजिनिअर. आम्ही त्याला फ्रेंच समजायचो. मुलीच्या गळ्यातली पाटी बघून त्यानं नळ बंद केला.

"हे काय आहे?"

मी नियम समजावून सांगितला. गमतीत.

तो हसला नाही. म्हणाला, "आमच्याकडे लाकडी बूट होता."

यानचं गाव फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत. घरात सगळे ब्रेटन बोलायचे. शाळेत मात्र फक्त फ्रेंच. ब्रेटन शब्द तोंडातून निघाला की गुरुजी तो बूट दोरीनं गळ्यात अडकवायचे. सुटका एकाच वाटेनं. दुसरा शोधायचा. यान तेव्हा सहा वर्षांचा. त्यानं धाकट्या भावाच्या पायावर मुद्दाम पाय दिला. भाऊ कळवळून ब्रेटनमध्ये ओरडला. बूट भावाच्या गळ्यात.

"त्या दिवसापासून आई आमच्याशी मोडक्या फ्रेंचमध्ये बोलायला लागली. फार कमी बोलायची मग. भाऊ वारला. आता माझ्याशी ती भाषा बोलणारं कुणी नाही. आकडे तेवढे अजून तिच्यातच मोजतो."

मग मुलीकडे बघत त्यानं हळूच विचारलं, "ही आता कोणाला देणार?"

"अहो, खेळ आहे तो," मी म्हणालो. घरात आलो. पण मान उगाचच जड वाटत होती.

इथं संध्याकाळ झाली की गावाकडे सकाळ होते. आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय करी ऱ्हायनी माय?" आईनं नातीला विचारलं.

मुलगी टुणकन उठली. पाटी काढून तिनं स्क्रीनवर धरली. "यू सेड इट, आजी! आता तुझ्याकडे! आय ॲम फ्री!"

आई आधी हसली. मग चष्मा लावून तिनं तो एकच शब्द अक्षर-अक्षर लावत वाचला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, मागचं माणूस मात्र निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती जपून, पुस्तकातल्यासारखं बोलली. "मी बरी आहे. तू कशी आहेस? ठेवते." पूर्वी तासभर चालणारा कॉल. त्या आठवड्यात एकदाही दोन मिनिटांपुढे गेला नाही. बुधवारी तिनं केलाच नाही.

आईच्या गळ्यात ती पाटी मी घातली होती. कडा गोल कापून.

रविवारी मावशींनी विचारलं, "पाटी कुठाय?"

मी शर्टाच्या आतून बाहेर काढली. माझ्याच गळ्यात होती.

"काका, आता कोणाला तरी द्या की!" एक मुलगा ओरडला.

"नाही देणार."

"अहो, शिस्त असते काही," मावशी म्हणाल्या. "मग शुद्ध मराठी टिकायची कशी?"

तोंडावर ते जुनं हसू यायला लागलं होतं. ते गिळलं. आईशी बाल्कनीत बोलायचो ती भाषा पहिल्यांदा भर वर्गात काढली.

"मी अहिराणीच बोलसू."

या वेळी कुणी हसलं नाही. पाटी परत खुंटीवर जाणार नाही. दुसऱ्या कुणाच्या गळ्यातही नाही. मावशी नवी करतील, लॅमिनेटर काय कुणाकडेही असतो. केली, तर तीही मीच घालीन.

आईला अजून रोज फोन करतो, अहिराणीत. ती पुस्तकातलं उत्तर देते.

मी थांबणार नाही.