हात सोडा, बाई

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून कपाटात ठेवला होता. फक्त तारीख घालायची राहिली होती. बावड्याच्या शाळेत मी मुख्याध्यापिका, आणि फळ्यावर लिहायला माझा हात वर जात नव्हता. दोन वर्षं मान, खांदे, कंबर, गुडघे आळीपाळीने ठणकत होते. वहीत मी प्रत्येक उपाय लिहून ठेवी आणि गुण आला नाही की त्यावर रेघ मारी. तपासण्या सगळ्या स्वच्छ. "बाईंना कामाच्या दिवशीच बरं दुखतं," असं स्टाफरूममध्ये माझ्या पाठीमागे बोललेलं मी ऐकलं होतं. अखेर बारामतीच्या एका डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. औषध थोडं, हलका मसाज आणि रोजचा बेताचा व्यायाम, असं ते म्हणाले. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत करून बघायचं, नाहीतर अर्जावर तारीख घालायची, असं मी ठरवलं.

मसाज करायला त्यांच्या दवाखान्यात हौसाक्का होत्या. जळोचीच्या, साठीच्या, जाड बोटांच्या. मला त्यांचा भरवसा वाटेना. आमच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात अंगारा, गंडा, बुवा काही शिरलं नाही. विचारल्याशिवाय मानायचं नाही, ही आमची रीत. मी तेलाचा वास घेऊन पाहिला.

"तिळाचं हाय," हौसाक्का म्हणाल्या. "तुमाला काय वाटलं, मंतर घातलाय?"

कुठे दुखतं ते मी मुद्दामच सांगितलं नाही. त्यांची बोटं पाठीवरून हळूहळू फिरत बरोबर तिथेच थांबली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं असेल, असं मी मनात म्हटलं. मग त्यांनी माझा हात उचलून धरला.

"हात सोडा, बाई."

"सोडलाय."

त्यांनी आपला हात काढून घेतला. माझा हात तसाच हवेत राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.

"ह्यो कुणाच्या आधारावर हुबा हाय मग?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. ही युक्ती त्या सगळ्यांनाच करून दाखवत असणार, असं वाटलं.

व्यायाम त्यांनी सोपे दिले होते. भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा, पाच वेळा. मी तक्ता आखला, आणि एका बऱ्या दिवशी पाचाचे वीस केले. पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. शनिवारी एसटीने बारामती गाठली ती भांडायच्या तयारीनेच.

"तुमच्या व्यायामानं मी आडवी झाले, हौसाक्का."

"पाच सांगितलं हुतं. ईस कुणी सांगितलं?"

मी मसाजासाठी खाटेवर पालथी पडले. रागही त्यांच्यावरचा कमी आणि माझ्यावरचाच जास्त होता, आणि तोही धरून ठेवायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी हात उचलला आणि तो त्यांच्या तळव्यात पडला, ओल्या कापडासारखा. माझं वजन कुणीतरी दुसरं पेलतंय, हे मला किती वर्षांनी जाणवत होतं कोण जाणे. उशी भिजेपर्यंत मी रडले. तिथे देव आला नाही, प्रकाश पडला नाही. फक्त एका अनोळखी बाईची करुणा होती. लहानपणापासून रोज त्रिशरण म्हणत आले होते, पण त्यातलं शरण जाणं तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

दुखणं गेलं नाही. जूनमध्ये हात फळ्याच्या मध्यापर्यंतच पोचला, म्हणून मध्यापासून खाली लिहू लागले. पहिलीतली पोरं म्हणाली, आता नीट दिसतंय. अर्ज मी फाडून टाकला.

हौसाक्कांना एकदा विचारलं, मसाज करताना मनात कुणाचं नाव घेता? "नाव कशाला? हात धुती आन् ठिवती," एवढंच त्या बोलल्या. त्यांचे उपकार मला फेडता येणार नाहीत, आणि आता तसा प्रयत्नही मी करत नाही.

अजून मी शंकेखोरच आहे. भाजीसुद्धा दोनदा निवडून घेते. पण सकाळी वंदनेला बसले की आधी खांदे खाली सोडते आणि मग हात जोडते. खाली कुणी धरलंय की नाही, ते चाचपून बघत नाही.