कागदावर दोन वर्षांनी लहान

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

बाबांना ह्यूस्टनच्या ऑइल कंपनीने ले-ऑफ केलं, आणि त्या कंपनीचा इन्शुरन्सही आता संपलाय. आज त्यांना घेऊन एका एजंटकडे गेले. डायबेटिस आणि बायपास ऐकल्यावर त्याने पेनसुद्धा उचललं नाही. म्हणाला, जो कुणी घेईल त्याचा प्रीमियम तुम्हाला झेपणार नाही. पासष्टाव्या वर्षी सरकारी इन्शुरन्स, मेडिकेअर, मिळेल, तोवर दोन वर्षं कशीतरी काढा.

बाबा ताडकन म्हणाले, "बट आय ॲम सिक्स्टी-फाइव्ह!"

खरंच आहेत. शाळेत नाव घालताना आजोबांनी वय दोन वर्षांनी कमी लावलं होतं. पोराला तेवढीच दोन वर्षं जास्त नोकरी करता येईल म्हणून. तीच जन्मतारीख पासपोर्टवर आली आणि तीच इथेही.

एजंट हसला. "यू लुक यंग, सर!"

आम्ही शुगर लँडला घरी पोचलो. गाडीतून उतरताना बाबा म्हणाले, "नोकरीत ती दोन वर्षं मिळालीच नाहीत बघ. आता बिनइन्शुरन्सची काढायची."

तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांना असा इन्शुरन्स मिळालाय का? माहीत असेल तर सांगा. नुसतं "काकांची काळजी घे" लिहू नका यार. घरी आल्यापासून आईने त्यांना जिनासुद्धा चढू दिलेला नाही.